विहीणबाईंच्या बंदरातली साय

मी सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आला तरी आमच्या घरात येणार नाही, कारण घरातल्यांनी तो नाद केव्हाच सोडलाय. पूर्वी कुणी 'काहीतरीच काय' म्हटलं की मी ईर्ष्येनं आणखी दोन गोष्टी ठोकून द्यायचो. आता ती रग राहिली नाही. पटलं तर घ्या, नाही पटलं तर कूस बदलून झोपा. मीही तेच करणार आहे.

आमच्या बेटावरच्या बंदरात साय आली, तिथून हे सगळं सुरू झालं.

साय म्हणजे दुधावरची नव्हे. ही समुद्रातली. कुठल्या तरी दुसऱ्या महासागरात जन्मली आणि एखाद्या मोठ्या जहाजाच्या बुडाला चिकटून, तिकीट न काढता आमच्याकडे उतरली. पिवळट, बुळबुळीत, हात लावला तर भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी. आम्हाला आधी शेवाळ वाटलं. मग जाणकार लोक आले आणि म्हणाले, शेवाळ नाही, हे प्राणी आहेत. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव, एकमेकांना चिकटून एकच चादर करून राहतात. पाणी आत ओढायचं, त्यातलं खायचं, पाणी बाहेर सोडायचं. दिवसभर एवढंच. कामावर जाणं नाही, घरी येणं नाही, कुणाला उत्तर देणं नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

पण वाढायची म्हणजे किती! एका रात्री मी दातांची कवळी चुकून समुद्राच्या पाण्यात ठेवून झोपलो. सकाळी तिच्यावर साय. तशीच धुऊन तोंडात घातली, तर माझ्याआधी तीच न्याहारी करायला लागली. हसू नका. आमच्या धक्क्याला बांधलेली एक जुनी होडी कुजून बुडाली, ते कुणाला कळलंच नाही. का? तर सायीनं तिच्याभोवती हुबेहूब दुसरी होडी तयार करून ठेवली होती, आणि मालक त्या होडीत बसून महिनाभर मासे धरत होता. त्याला शेवटी शिंक आली आणि होडी फाटली म्हणून, नाहीतर अजून बसला असता.

माझी मालाची बोट होती. सिमेंट, गॅसच्या टाक्या, कांदे, कपाटं, कुणाची बदली झाली की त्याचा सगळा संसार, असं या बेटावरून त्या बेटावर न्यायचं. बुडाला साय धरली की बोट जड होते, वळता वळत नाही, डिझेल ढोसते. मग खरवडणं आलं. दांड्याला बसवलेला पत्रा घ्यायचा, पाण्यात उतरायचं, बोटीखाली जाऊन मान वर करून खरवडत राहायचं. आज काढली की परवा तिची लेकरं हजर. सायीच्या आधी कवचाचे खडे आले होते, त्यांच्याआधी पांढऱ्या नळ्यांचे किडे. दर वेळी वाटायचं, एवढं काढलं की सुटलो. माझ्या उजव्या खांद्यातून तेव्हापासून जुन्या दारासारखा आवाज येतो.

माझा इंजिनवाला बोलायला महाचिक्कू. तोसुद्धा एकदा पाण्यातून डोकं वर काढून म्हणाला, "मालक, आपण बोट चालवतो की बोटीची हजामत करतो?"

मी म्हटलं, "हजामत. मधल्या वेळात चालवतो."

समोरचं बेट मात्र स्वच्छ होतं. समोरचं म्हणजे दिसायला समोर, जायला अर्धा दिवस. तिथल्या बंदरात साय नव्हती, खडे नव्हते, काही नव्हतं. पाण्यात नाणं पडलं तर छाप का काटा ते वरून दिसायचं. आणि याचं सगळं श्रेय एकाच बाईला होतं. त्या बंदरप्रमुख होत्या, आणि माझं दुर्दैव असं की माझी लेक त्यांच्या घरात सून होती.

विहीणबाई म्हणजे हाडं आणि कडक इस्त्री. गळ्यात शिट्टी, चष्मा दोरीला बांधलेला. खाली कचेरी, वर त्यांचं सरकारी घर. नवरा फार पूर्वी गेलेला, मुलगा, म्हणजे माझा जावई, लांबच्या जहाजावर. घरात या, माझी लेक आणि नात. त्यांच्याकडे एक लांब काठी होती, तिच्या टोकाला आरसा आणि दिवा. बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक बोटीखाली ती काठी फिरायची. नखाएवढी साय दिसली तरी बोट परत.

नातीचा पाळणा घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट.

"व्याही, मागच्या पंख्यापाशी काय आहे ते?"

"सावली असेल."

"सावलीला बोट लावलं तर बुळबुळ लागते का हो?"

"विहीणबाई, पाळणा आहे बोटीत. तुमच्याच नातीचा."

"पाळण्याला काही झालेलं नाही. बुडाला झालंय. परत न्या."

"अहो, व्याही आहे मी तुमचा!"

"म्हणून तर दोनदा बघितलं. परक्याला एकदा बघूनच घालवलं असतं."

वर खिडकीत लेक उभी होती. तिनं कपाळाला हात लावला आणि आत गेली. मी अर्धा दिवस पाळणा घेऊन परत आलो. खरवडलं, परत गेलो. तोवर नात चालायला लागली होती. बरं, चालायला नाही, पण खोक्यात झोपायची तिला इतकी सवय झाली होती की पाळण्यात घातलं की भोकाड पसरायची.

माझ्यासारखे आणखी पुष्कळ होते. आमच्या बंदरातलं पाणी गढूळ, तिथे खरवडलं तरी कुठेतरी टिकली राहून जायची, आणि विहीणबाईंच्या आरशाला नेमकी तीच दिसायची. बोटवाले कुरकुरायला लागले. कांदे कुजायला लागले. तेव्हा विहीणबाईंनीच तोड काढली. बंदराच्या तोंडाशी समुद्रात घातलेली दगडी भिंत आहे. तिच्या बाहेर, आडोशाच्या निवांत पाण्यात त्यांनी एक पिवळा बोया, म्हणजे साखळीनं तळाशी बांधलेलं तरंगतं पिंप, टाकला आणि नियम केला: इथे थांबा, बूड साफ करा, मग आत या.

सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. पाणी काचेसारखं, लाट नाही, बुडाचा कोपरान्‌कोपरा दिसायचा. बोटी ओळीनं थांबायच्या, पाण्यात डोकी तरंगायची, एकमेकांना शिव्या देत, विडी मागत खरवडणं चालायचं. भरतीची वेळ असली की खरवडलेलं सगळं कानाजवळून बंदराकडे वाहत जायचं. त्याकडे कोण बघतो? आमचं लक्ष बुडाकडे. मग आत शिरायचं. विहीणबाईंची काठी फिरायची, आरसा वर यायचा, आणि त्या बोटीच्या कडेवर दोन टिचक्या मारून म्हणायच्या, "या." त्या एका 'या'साठी माणसं माना मोडून घेत होती. मला तर वर जेवायलाही बोलवायच्या. वाढताना म्हणायच्या, "आज बूड चकचकीत होतं तुमचं." आता जेवणाच्या ताटावर हे बोलायचं असतं का? पण त्यांची तारीफ तेवढीच असायची, आणि मी ती घासाबरोबर गिळून टाकायचो.

दुसऱ्या बंदरांचे प्रमुख येऊन तो बोया बघून गेले. जाताना एकेक पिवळा बोया करून घ्या म्हणून आपापल्या कारकुनांना फर्मावत गेले.

बरीच वर्षं हे असं चाललं. माझा खांदा जास्त वाजायला लागला. इंजिनवाल्याचे केस गेले. आणि एका सकाळी मी धक्क्याला लागलो, तेव्हा माझा दोर घ्यायला माणूस नव्हता. लेक खाली आली होती.

"आई कुठेत?" मी विचारलं. ती सासूला आई म्हणते.

"भिंतीच्या कडेनं फिरतायत. आरसा घेऊन."

"बोट बघणार नाहीत माझी?"

लेक धक्क्याच्या लोखंडी शिडीपाशी वाकली आणि पाण्यात सुटलेला एक जुना दोर वर ओढला. त्याला हातभर पिवळी साय लोंबत होती.

मी म्हटलं, "ही कुणी आणली?"

"बाबा, बोयापाशी तुम्ही जे काढता ते कुठे जातं?"

"कुठे जातं म्हणजे? पाण्यात."

"आणि पाणी कुठे जातं?"

मी भिंतीपलीकडे बोयाच्या दिशेनं बघितलं. तिनं छोटी होडी सोडली, मला बसवलं, स्वतः वल्हवत भिंतीबाहेर नेलं. पिवळ्या बोयाची साखळी मनगटाएवढी. खाली वाकून बघितलं तर हत्तीच्या पायाएवढी दिसत होती, पिवळी, गुबगुबीत, प्रवाहात हलणारी. तळाशी तर गालिचाच अंथरलेला. भिंतीचे दगड तिच्याखाली दिसेनासे झाले होते. जाणकार लोक तेव्हाच म्हणाले होते म्हणे, की हिचा तुकडा पडला तरी तो जगतो, जिथे टेकेल तिथे नवी चादर धरतो. म्हणाले असतील. आम्ही खरवडण्यात गुंतलो होतो. सगळ्या बेटांवरच्या बोटवाल्यांनी मिळून, घाम गाळून, या एका स्वच्छ बंदराच्या दारात ती पेरली होती. भरती रोज उचलून आत टाकत होती.

"त्यांना कळलंय?" मी विचारलं.

"साय आलीय ते कळलंय. कशी आली ते..." लेक वल्हं थांबवून बसली. "चार दिवस बोलल्या नाहीत. जेवत नाहीत धड. विचारलं तर म्हणतात, उजेड कमी आहे. बाबा, तुम्ही काही बोलू नका त्यांच्यापाशी. बोया त्यांचा आहे. हे बंदर सोडून त्यांना दुसरं काही नाही हो."

"आणि मी काय नवीन सांगणार? खरवडणाऱ्यांत मीही होतोच."

परत आलो तर विहीणबाई शिडीपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात पत्रा. त्या वयात, त्या इस्त्रीच्या कपड्यांत. मी गेलो आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

"तुमचा खांदा दुखतो ना?"

"तो नुसता वाजतो. काम करतो."

त्यांनी पत्रा दिला. मी खरवडलं आणि सवयीनं पाण्यात झटकणार, तर त्यांनी बादली पुढे सरकवली. "पाण्यात नको. यात टाका."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी बादल्या भरल्या आणि मागच्या अंगणात फरशीवर ती साय वाळत घातली. खाली वाकून बघितलं तर शिडीच्या पायऱ्या जेमतेम दिसायला लागल्या होत्या, आणि शिडी म्हणजे त्या बंदरातलं सगळ्यात छोटं लोखंड.

बातमी पसरायला सायीएवढाही वेळ लागला नाही. लोक म्हणायला लागले, एवढी कडक बाई आणि साय आत आली कशी? सोडली असेल एखादी बोट न बघता. कुणाची सोडणार? व्याह्याची. दुसऱ्या कुणाला वर जेवायला बोलावतात? ज्यांनी पाण्यात माझ्याकडून विड्या घेतल्या होत्या, तेच हे बोलत होते. मुख्य कचेरीपर्यंत गेलं. चौकशी लागली. लेकीनं निरोप धाडला: दोन साहेब येणार आहेत, आईंना काढतील असं दिसतंय, घरही खाली करावं लागेल, तुम्हालाही बोलावलंय.

त्या रात्री मी काही झोपलो नाही. सगळ्या बाजूंनी विचार केला. माझी बोट न बघता सोडली असं ठरलं, तर बाई वशिलेबाज ठरते. वशिलेबाज! जिनं माझ्या नातीचा पाळणा परत पाठवला! आणि बोयाचं खरं सांगावं, तर बोया तिचा, नियम तिचा. दोन्हीकडून तीच सापडते. मग माझ्यापाशी उरलं काय? जन्मभर जे केलं तेच.

कचेरीत टेबलावर काच, काचेखाली भरती-ओहोटीचा तक्ता, वर पंखा, दर फेऱ्याला कट् करणारा. मोठे साहेब पोटावर हात ठेवून बसलेले, त्यांना जळजळ होत असावी. धाकटे साहेब पेनाचं टोपण काढून तयार. विहीणबाई खुर्चीत ताठ. शिट्टी काढून टेबलावर ठेवलेली. लेक दारात उभी.

"तुम्ही व्याही ना यांचे?" मोठे साहेब म्हणाले.

"हो. पण ते मी मुद्दाम केलेलं नाही."

"तुमची बोट न तपासता आत सोडली जायची, असं लोकांचं म्हणणं आहे."

"साहेब, ह्यांनी माझ्या बोटीखाली जेवढा आरसा फिरवलाय, तेवढा मी दाढी करताना फिरवला नाही."

धाकटे साहेब हसले आणि मोठ्यांकडे बघून थांबले.

"मग साय आली कशी?"

मी उभा राहिलो. अशा वेळी उभं राहिलं की आवाज लागतो. "साहेब, हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी ते डोळ्यांनी बघितलंय. गेल्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, मी भिंतीच्या टोकावर बसलो होतो. समुद्र नुकताच शांत झालेला. लांबून एक खडक येताना दिसला. म्हटलं, खडक कधी येतो का? जवळ आला तर कासव. हे एवढं! या टेबलाच्या दुप्पट. त्याच्या पाठीवर साय, वीतभर जाड. इतकी जाड, की एक पक्षी तिच्यात पाय रुतून अडकला होता आणि बिचारा उभ्याउभ्याच प्रवास करत होता."

"पक्षी?" धाकटे साहेब लिहीत म्हणाले.

"पांढरा. कंटाळलेला दिसत होता. तर ते कासव भरतीबरोबर थेट आत शिरलं. वादळानं भरकटलेलं असणार, दमलेलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. शिडीपाशी आलं आणि म्हैस खांबाला पाठ घासते तशी पाठ घासली. शिडीला घासली, धक्क्याला घासली, भिंतीला दोन्ही बाजूंनी घासली. मग असा मोठा निःश्वास सोडला, की माझी टोपी उडाली. आणि गेलं निघून. आता सांगा, कासवाखाली आरसा धरायचा नियम कुठल्या बंदरात आहे?"

मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावरची जळजळ जरा कमी झाल्यासारखी वाटली. कासवाला निलंबित करता येत नाही, कासवाला व्याही नसतो, कासवापायी कुणाला घर खाली करावं लागत नाही. धाकटे साहेब हळूच म्हणाले, "सर, कासवांच्या पाठीवर काहीबाही उगवतं, असं मी वाचलंय."

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी म्हणता," मोठे साहेब म्हणाले. "लिहा. नैसर्गिक कारण."

दारातून लेकीनं इतका मोठा श्वास सोडला, की मला तो कासवाचाच वाटला. धाकट्या साहेबांनी पेन टेकवलं.

"खोटं आहे हे," विहीणबाई म्हणाल्या.

पेन थांबलं. मी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले. त्यांनी बघितलंच नाही.

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी हे भिंतीवर नव्हते. वर माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर आडवे झाले होते. घोरण्यानं फळीवरचे डबे वाजत होते, म्हणून मी दार ओढून घेतलं. कासव आलेलं नाही, साहेब. पक्षीही नाही. बाहेरचा पिवळा बोया मी टाकलाय. तिथे बोटी खरवडायला मीच लावल्या, ह्यांनी आणि सगळ्यांनी माझ्या सांगण्यावरून खरवडल्या, आणि ते भरतीनं आत आलं. आत साय दिसली त्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं माझ्या. आधी तो बोया काढा, आणि दुसऱ्या बंदरांनी टाकलेत तेही आजच्या आज काढायला सांगा. मग माझं काय करायचं ते करा."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि शेजारची खुर्ची पायानं जरा बाहेर सरकवली.

"बसा, व्याही. किती वेळ उभे राहणार?"